पायऱ्यांवरचे निकाल

खडकीत आमच्या मंडळाच्या मैदानाला प्रेक्षकांसाठी वेगळी जागा नव्हती. रस्त्याच्या बाजूला थोड्या दगडी पायऱ्या होत्या, आणि त्या कुठेच जात नव्हत्या. वर व्यायामशाळा बांधायची होती, ती राहिली, पायऱ्या तेवढ्या उरल्या. त्यांच्यावर संध्याकाळी जी माणसं बसत त्यांच्यातलं कुणी कधी कबड्डी खेळलं नव्हतं, आणि कबड्डीतलं सगळं त्यांनाच कळत होतं. माझे बाबा त्यांच्यातले मुख्य.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. वर्ध्याकडून आले, क्वार्टर मिळालं, मग आईला आणलं. पुण्यात आल्यावर त्यांनी इथली भाषा शिकून घेतली, ती टोमण्यांसकट. आई नाही शिकली. ती अजूनही "काहून" म्हणते.

मंडळाचा मुलींचा संघ चांगला होता. दर वर्षी मे महिन्यात, परीक्षा संपल्या की निवड चाचणी व्हायची. क्वार्टर्समधल्या मुली यायच्या, विश्रांतवाडीहून यायच्या, आळंदी रस्त्यावरच्या गावांतून भावांच्या सायकलवर बसून यायच्या. दिवसभर त्यांना पळवून, पाडून, उठवून संध्याकाळी प्रशिक्षक बाई तीन-चार नावं वाचायच्या. ज्या क्रमाने वाचतील त्या क्रमाने मुली उभ्या राहायच्या. पहिलं नाव ज्या मुलीचं, तिच्यावर बाईंचा सगळ्यात जास्त भरवसा, हे सगळ्यांना माहीत असायचं.

यानंतर एक रीत होती. ती कुणी सुरू केली मला माहीत नाही. निवडलेल्या मुलींनी मैदानाच्या मातीला हात लावायचा आणि मग पायऱ्यांसमोर येऊन उभं राहायचं. गणवेशाची वर्गणी पायऱ्यांवरची माणसं द्यायची, म्हणून हा नमस्कार. आणि नमस्कार झाला की बाबा एकेका मुलीबद्दल एकेक वाक्य बोलायचे. याला 'निकाल लावणं' म्हणत. त्या वाक्यातला एखादा शब्द त्या मुलीला चिकटायचा आणि वर्षभर सामन्यांमध्ये तोच तिचं नाव व्हायचा.

बाबांच्या मोजपट्टीवर खाली बरंच काही होतं आणि वर एकच शब्द होता. 'चालेल'. तो मी लहानपणापासून दोनदाच ऐकला. एकदा उजव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या एका मुलीबद्दल, जी पुढे रेल्वेच्या संघात गेली. आणि एकदा एका नव्या पंचाच्या शिट्टीबद्दल.

आठवीच्या सुट्टीत मीही चाचणी दिली. चढाईला आलेल्या मुलीचा पाय मी एकदा धरला होता, पण ती मला ओढत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेली. माझं नाव वाचलं गेलं नाही. न निवडलेल्या मुलींवर बाबा बोलत नसत. माझ्यावर बोलले.

"ही पाय पकडत नाही, पाया पडते."

सगळे हसले. बाबांच्या शेजारी एक काका बसायचे, पिंपरीकडे इंजिनांच्या कारखान्यात होते. ते म्हणाले, "अहो भाऊ, स्वतःची पोर आहे."

"म्हणून तर फुकटात सांगितलं," बाबा म्हणाले.

काकांनी मला हाक मारून गुडघा दाखवायला सांगितला, रुमालाने माती पुसली आणि म्हणाले, "ओढत नेलं, पण सोडलं नाहीस तू. मी बघितलं." हे वाक्य मला आठवतं, पण तेव्हा मला ते नको होतं. ते काकांचं होतं, बाबांचं नव्हतं.

घरी जाताना बाबा एवढंच बोलले, "खेळता येत नाही ना? मग शीक आता."

माझ्याबरोबरच्या मुली सांगायच्या की त्यांच्या घरात शिक्षणासाठी भांडणं झाली, उपास झाले. आमच्याकडे तसं काही झालं नाही. आमच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढले ती कबड्डीत नापास झाले म्हणून. आईला मात्र आनंद झाला होता. तिने शेजारी सांगितलं, "पोट्टी कॉम्प्युटर शिकते." बाबांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "बसून करायचं काम आहे. तिला जमेल."

मैदानावर जाणं मी सोडलं नाही. कॉलेजातून आले की पायऱ्यांच्या टोकाला पुस्तक घेऊन बसायचे. आपला संघ म्हणून जीव होता, आणि खरं सांगायचं तर बाबा काय बोलतात ते ऐकायचं होतं. नवीन मुलींबद्दल माझंही मत असायचं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची निवड मला सगळ्यात नीट आठवते. बाईंनी चार नावं वाचली. पहिली आळंदी रस्त्यावरच्या एका गावातली, उंच, सावळी, चढाईपटू. चौघी पायऱ्यांसमोर आल्या. "आमचा नमस्कार हाय," पहिली म्हणाली, आणि तिच्या गावाकडच्या बोलण्याला दोघं-तिघं आधीच हसले.

"भाऊ, लावा निकाल," कुणीतरी म्हणालं.

बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ही जाते झोकात. परत यायचा पत्ता घरी विसरते."

दुसरी आमच्याच क्वार्टर्समधली, डाव्या कोपऱ्यासाठी घेतलेली, अंगाने भरलेली. "हिला कोपऱ्यात उभी करा आणि विसरून जा. हलणार नाही. हलवायचीच झाली तर चार माणसं बोलवा."

तिसरी बाईंची भाची होती. "ही खेळायला नाही, माहेरपणाला आलीय."

बाईसुद्धा हसल्या. हसावंच लागायचं. चौथीकडे बाबांनी जरा वेळ बघितलं. "आणि ही का घेतली? तर तीन झाल्या होत्या."

माझं मत मी आता लिहिते. भाची खरंच साधारण होती, पण तिला बोलणं लागत नव्हतं. संघात ती सगळ्यात जास्त टिकली, यात नवल नाही. चौथीच्या हाताला चपळाई होती. निदान रेषेजवळ, म्हणजे चढाई जिथवर न्यावीच लागते तिथे, चढाई करणारी जरा थकली की ही बाजूने कमरेत शिरायची. एक मोसम तिच्यावर मेहनत घ्यायला हवी होती. ती महिन्याभरात यायची बंद झाली आणि ती येत नाही हे कळायलाच आठवडा गेला. दुसरीची पकड मी पाहिलेल्यांत सगळ्यात पक्की. वजन हीच तिची ताकद होती. निकालाच्या दिवशी सगळ्यात मोठ्याने तीच हसली. मग तिने रात्रीचं जेवण सोडलं. दिवाळीनंतर ती निम्मी झाली, आणि पकडही निम्मी झाली. बाबा म्हणाले, "आता दोन माणसं पुरतील."

आणि पहिली. तिची उंची सगळ्यांना दिसली. मला तिचं परतणं दिसलं. बाकीच्या मुली स्पर्श झाला की पाठ फिरवून पळतात. ती पाठ फिरवत नसे. समोरच्या सात जणींकडे बघत बघत, एकेक पाऊल मागे सरकत यायची. याला वेळ लागायचा, दम लागायचा. बाबांना ते विसरणं वाटलं. माझ्या मते ते बघणं होतं. इतक्या शांतपणे मागे येणारी चढाईपटू मी नंतर पाहिली नाही.

पण तिचं नाव 'पत्ता' पडलं होतं. ती चढाईला उठली की आमच्याच पायऱ्यांवरून आवाज यायचा, "पत्ता घेतलास का गं?" ती ऐकायची. आधी हसायची, मग हसणं थांबलं. मग ती मागे सरकताना घाई करू लागली.

जिल्ह्याचा उपांत्य सामना विश्रांतवाडीत होता. सगळ्या पायऱ्या टेम्पोत बसून तिकडे गेल्या. शेवटची चढाई, एक गुण हवा होता. ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला तिचा हात लागला. गुण झाला होता, फक्त परत यायचं होतं. ती मागे सरकू लागली आणि आमच्यातून कुणीतरी ओरडलं, "पत्ता! सापडला का?" तिने आमच्याकडे बघितलं. किंचितच. तेवढ्यात तिचा घोटा धरला गेला. मध्यरेषा हातभर लांब होती. ती पालथी पडून हात पुढे करत राहिली, दम सुटेपर्यंत.

टेम्पो परत निघाला. बाबा म्हणाले, "मे महिन्यातच सांगितलं होतं."

"भाऊंचं चुकत नाही," कुणीतरी म्हणालं. काका मागच्या फळीशी बसून बाहेर रस्त्याकडे बघत होते. त्या सुमारास त्यांच्या कारखान्याने बऱ्याच जणांना व्हीआरएस दिली होती, त्यात ते होते. पैसे घ्या आणि घरी बसा. तेव्हापासून ते सकाळीही पायऱ्यांवर पेपर घेऊन बसायला लागले होते.

पहिली मंडळात परत आली नाही. ती आमच्याच कॉलेजात होती. संध्याकाळी बस पकडायला ती मैदानावरचा जवळचा रस्ता सोडून रेल्वे स्टेशनाच्या बाजूने वळसा घालून जायची. एकदा मी तिला गाठून म्हटलं की तुझं परतणं मला आवडायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू भाऊंची पोरगी हायस ना?" म्हणाली, आणि चालू लागली.

इतकं सगळं दिसत असूनही मला बाबांचा तोच शब्द हवा होता. हे कसं, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी सगळ्यांना 'चालेल' म्हटलं असतं तर मला तो नको झाला असता, असं वाटतं.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात हिंजवडीची एक कंपनी आली. तेव्हा हिंजवडीत शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्ही त्या बघायला रविवारी जायचो. आधी लेखी परीक्षा झाली. मग दहा-दहा जणांना गोल बसवून इंग्रजीत चर्चा करायला लावली. विषय होता, कॉम्प्युटरमुळे नोकऱ्या जातात का. मुलं एकमेकांना तोडत बोलत होती. शेवटी मी जुळवून जुळवून एवढंच म्हटलं, की आमच्या ओळखीच्या एका काकांची नोकरी गेली, पण त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर नव्हताच. सगळे हसले. कंपनीकडून समोर बसलेल्या बाईंनी मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी सभागृहात नावं वाचली. माझं नाव पहिल्या पाचांत होतं. वाचायचा क्रम गुणांचा होता की कसला, हे मी कुणाला विचारलं नाही. मी तो मंडळातल्या बाईंच्या क्रमासारखा धरला.

आता मी काय करायला हवं होतं? घरी जाऊन आईला सांगायला हवं होतं. बाबा जेवायला बसले असते, आईने सांगितलं असतं, ते "हं" म्हणाले असते. पण मी थेट मैदानावर गेले. मनात एवढंच होतं, की निवड झालेली मुलगी पायऱ्यांसमोर जाते. मी पायऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले, खांद्याला कॉलेजची पिशवी, आणि म्हटलं, "बाबा, मला कंपनीने घेतलं. पहिल्या पाचांत."

"अरे वा!" काका उठून उभे राहिले. "भाऊ, पेढे!"

"पेढे नंतर," एकजण म्हणाला. "आधी निकाल. भाऊ, लावा हिचा निकाल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला अजून वाटतं की तेव्हा ते खरंच विचार करत होते. "कॉलेजातून किती घेतले?"

मी खरं ते सांगितलं. "पन्नास-साठ असतील."

"मग बस भरायला घेतलीय."

पायऱ्या हसल्या. कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस तेव्हा नुकत्याच खडकीतून जायला लागल्या होत्या, सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे जास्तच हसल्या. काकाही हसले, आणि मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मीही हसले. हसावंच लागायचं.

नोकरी लागली. बसचा थांबा नेमका मैदानासमोर होता. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी बाबा आणि आणखी चार-सहा जण पायऱ्यांवर चहा पीत उभे असायचे. मी रस्ता ओलांडून थांब्यावर आले की आवाज यायचा, "काय गं, बस भरली का?" बहुतेक वेळा काकाच विचारायचे. त्यांच्या आवाजात टोचणी नसायची. शेजारची माणसं जेवण झालं का विचारतात, तसं ते विचारायचे. पण प्रश्न तोच होता.

आणि तो खोटाही नव्हता. कंपनीने आम्हाला घेतलं खरं, पण काम नव्हतं. सुरुवातीचं प्रशिक्षण संपल्यावर आम्हाला 'बेंच'वर ठेवलं. म्हणजे पगार चालू, येऊन बसायचं, कुठल्या तरी प्रोजेक्टला गरज लागली की ते आपल्याला निवडणार. मी काचेच्या इमारतीत आठ महिने बसून होते. बसून करायचं काम.

मग अमेरिकेत मंदी आली. आमच्या मजल्यावर एकेकाला केबिनमध्ये बोलवू लागले. आत गेलेला माणूस बाहेर येऊन आपला खण रिकामा करायचा. तोवर मला एक छोटं काम मिळालं होतं, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. त्या आठवड्यात माझ्या रांगेतले बरेचसे गेले. मला बोलावलं नाही.

रात्री जेवताना मी सांगितलं, "पुष्कळ लोकांना काढलं. मला ठेवलं."

आईने भाकरी थापता थापता हात जोडले. बाबा भात कालवत म्हणाले, "राखीव खेळाडूला कोण काढतं? तो बाहेरच बसलेला असतो."

आईचा हात थांबला. तिला बाबांशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाले घेतलं होतं काहो कोणी? त्या कारखान्याच्या संघात? आपलं लगन झालं त्या साली?"

बाबा कधी चाचणीला उभे राहिले होते, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी घास गिळला.

"नाही घेतलं," ते म्हणाले. "म्हणून तर कळतं."

"काय म्हणाले होते तुम्हाला?" मी विचारलं. तिथेही कुणीतरी निकाल लावला असणार, असं मी धरूनच चालले होते.

बाबा ताटात अर्धा भात ठेवून हात धुवायला उठले. आईने भाकरी पलटली. त्या वाक्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

सकाळी मी थांब्यावर आले. पायऱ्यांवर बाबा होते, बाकीचे होते. काका पेपर गुंडाळून उभे होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय गं, बस भरली का?"

मी त्या आठवड्यात रिकाम्या झालेल्या खुर्च्या बघितल्या होत्या. रात्रभर बाबांचं वाक्य ऐकत होते. मी म्हटलं, "एक जागा आहे, काका. पण तुम्हाला कोण घेणार?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग पायऱ्या अशा हसल्या की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. कुणीतरी टाळी दिली. काका सगळ्यांत शेवटी हसले, कारण हसावंच लागतं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी ग्लासातला उरलेला चहा संपवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "चालेल."

मला ते रस्त्याच्या पलीकडे स्पष्ट ऐकू आलं. बस आली. मी खिडकीशी बसले. काका पेपर उघडून वाचू लागले होते. पेपर उलटा वगैरे नव्हता, नीट धरलेला होता. फक्त बस हलेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर आले तेव्हा काका मैदान ओलांडून येत होते. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "या, जागा! मिळाली का?"

ते येऊन आपल्या नेहमीच्या ठिकाणी बसले. बाबा थोडे सरकले. त्यानंतर बस भरली का, असं मला कधीच कुणी विचारलं नाही.